डोंगरावर वीजप्रकल्पाचा सर्व्हे आला आहे, ग्रामसभेने आधी काय करावं?

इगतपुरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या वरच्या माळावर एक आणि खालच्या दरीत एक असे दोन तलाव बांधून वीज साठवण्याचा प्रकल्प होणार म्हणतात. सर्व्हेवाले येऊन दगडांवर खुणा करून गेले. यात कोळसा नाही, धूर नाही, राख नाही, मग आमचं नुकसान काय? विरोध करायचा की नाही ते नंतर बघू, पण ग्रामसभेत नेमकं काय विचारायचं? आमच्या पाड्यातल्या निम्म्या घरांचे वनपट्टे अजून झालेले नाहीत."

मी नाशिक जिल्ह्यात वनहक्कांच्या दाव्यांचं आणि प्रकल्पबाधित गावांचं काम बरीच वर्षं करते आहे. तुमच्या प्रश्नातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य शेवटचं, वनपट्ट्यांचं, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काच्या कागदांचं आहे आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. प्रकल्प कोळशाचा असो, पाण्याचा, वाऱ्याचा किंवा उन्हाचा, आदिवासी गावाचं सर्वांत मोठं नुकसान त्या जमिनीवर होतं जी गाव वापरतं पण जिची गावाच्या नावावर कुठे नोंद नाही. मोबदला सातबारा बघून मिळतो. चराईचा माळ, राबाची झाडं, हिरड्याचं रान, डोंगऱ्या देवाची जागा, उन्हाळ्यात पाणी देणारा झरा यांना सातबारा नसतो. सर्व्हेच्या नकाशावर तो सगळा भाग एकाच रंगात 'वन' किंवा 'सरकारी पड' म्हणून दिसतो. म्हणून ग्रामसभेत काय विचारायचं याच्या आधी ग्रामसभेने काय लिहून ठेवायचं, हा प्रश्न येतो.

आधी प्रकल्पाचं काम समजून घ्या. सरकारी भाषेत त्याला उदंचन जलविद्युत प्रकल्प म्हणतात. दिवसा सौर वीज स्वस्त असते तेव्हा खालच्या तलावातलं पाणी पंपाने वर चढवायचं आणि संध्याकाळी शहरांची मागणी वाढली की तेच पाणी बोगद्यातून खाली सोडून वीज करायची. वर चढवायला जितकी वीज लागते तिच्या साधारण ७५ ते ८० टक्के परत मिळते. म्हणजे हा कारखाना वीज तयार करण्यापेक्षा वीज साठवण्याचा आहे. त्याला उंच कडा आणि वर-खाली तलावाला जागा हवी असते आणि सह्याद्रीत दोन्ही आहे, म्हणून तुमच्या घाटमाथ्यावर इतकी नजर आहे. तुमच्या शेजारीच त्याचं चालू उदाहरण आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघरला वरचा तलाव आणि शहापूर तालुक्यात चोंढ्याला खालचा, असा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून सुरू आहे. ग्रामसभेतल्या चारपाच जणांनी, त्यात दोन तरी बायका असाव्यात, तिथे जाऊन तिथल्या लोकांशी एक दिवस बोलावं असं मी आग्रहाने सांगेन. आता चर्चेत असलेले प्रकल्प त्याच्या कित्येक पट मोठे, हजार मेगावॉटच्या वरचे आहेत.

तलावांखाली जाणारी जमीन सगळ्यांना दिसते, त्यामुळे चर्चाही तिचीच होते. पण डोंगराच्या पोटातून बोगदे आणि वीजघर खोदलं की निघालेला दगडमुरूम कुठे टाकणार? तो बहुतेक वेळा जवळच्या घळीत, ओढ्याच्या काठी नाहीतर सपाट माळावर पडतो आणि पहिल्या दोनतीन पावसाळ्यांत वाहून खालच्या भातखाचरांत उतरतो. वरच्या माळापर्यंत अवजड गाड्या जातील असे रस्ते लागतात. स्फोटकांचं कोठार, कामगारांची वसाहत, खडीचा क्रशर लागतो. यातल्या प्रत्येकाला जागा लागते आणि तुम्हाला दाखवलेल्या दोन तलावांच्या चित्रात यातलं काहीच नसतं.

नंतर येते विजेची लाईन. ४०० केव्हीच्या लाईनसाठी साधारण ४६ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो, म्हणजे एका किलोमीटरला साडेचार हेक्टरहून जास्त. त्यात झाड वाढू देत नाहीत, घर बांधू देत नाहीत. गाव तलावापासून पाच-सहा किलोमीटर लांब असलं तरी लाईन त्याच्या डोक्यावरून जाऊ शकते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला सुचवलेला आहे. पण तो जमीनधारकाला. ज्याचा दावा प्रांताच्या कार्यालयात पडून आहे त्याच्या नागलीच्या वावरावरून तार गेली तर यादीत त्याचं नाव कुठून येणार?

आता पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या अनुभवात हेच सर्वांत उशिरा लक्षात येतं. आपला डोंगर काळ्या पाषाणाच्या थरांचा आहे. एका थरावर दुसरा थर, मध्ये कुठे भेगाळलेला, कुठे सच्छिद्र दगड, कुठे लाल मातीचा पट्टा. पावसाचं पाणी वरच्या माळावरून मुरतं, एखाद्या घट्ट थरावर अडतं आणि त्याच पातळीवर डोंगराच्या कुशीत झरा म्हणून बाहेर येतं. तुमच्या भागात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दारणा, भावली, मुकणे, भाम, वैतरणा अशी धरणं एकाच तालुक्यात उभी आहेत आणि तरी एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर लागतो. त्या दोन महिन्यांत जे पाणी असतं ते या झऱ्यांचं. बोगद्याने नेमका तो पाणी धरणारा थर कापला तर पाणी झऱ्याकडे जाण्याऐवजी बोगद्यात उतरतं. प्रत्येक बोगद्याने असं होतंच असं नाही. पण झालं तर ते सिद्ध करायला तुमच्याकडे काय आहे? झरा आटल्यावर तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं: यंदा पाऊसच कमी झाला.

म्हणून येत्या उन्हाळ्यात हे काम करा, याला कोणाची परवानगी लागत नाही. पाड्याच्या हद्दीतले सगळे झरे, डोहरे आणि विहिरी मोजा. झऱ्याच्या धारेखाली पंधरा लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते मोबाईलच्या घड्याळावर बघा. विहिरीला दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे ते नोंदवा. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर पंधरा दिवसांनी एकाच वेळी, शक्यतो सकाळी मोजा. फोटोत तारीख आणि ठिकाण येऊ द्या. त्या झऱ्यावर किती घरं आणि किती गुरं अवलंबून आहेत ते शेजारी लिहा. मग ही वही ग्रामसभेपुढे ठेवून ठरावाने मंजूर करून घ्या आणि एक प्रत तहसील कार्यालयात आवक-जावक शिक्क्यासह द्या. हे काम बायकांकडे सोपवलंत तर उत्तम होईल, कारण कोणता झरा कोणत्या आठवड्यात बारीक होतो हे त्यांना कोणाला विचारावं लागत नाही.

दावे का अडले असतील याची मला साधारण कल्पना आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी चालत गेले. त्यांत सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीची माणसं मोठ्या संख्येने होती आणि वनजमिनीचे दावे निकाली काढा ही मुख्य मागणी होती. सहा महिन्यांत निकाली काढू असं लेखी आश्वासन मिळालं. तरीही अनेक पाड्यांवर तुमच्यासारखीच स्थिती आहे. दावा प्रलंबित असेल तर घाबरू नका. वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणालाही कब्जातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही. पण त्यासाठी दावा केल्याची पोच हातात हवी. ती नसेल तर वनहक्क समितीच्या नोंदवहीत आपली नोंद आहे का ते आजच बघा. दावा फेटाळला असेल तर फेटाळण्याचं कारण लेखी मागा, ते देणं बंधनकारक आहे. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित झालेल्या भागात, जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावरसुद्धा आता विभागीय समितीकडे अपील करता येतं. २०२० च्या अधिसूचनेने ती सोय झाली आणि आपल्या विभागाची समिती नाशिकलाच आहे.

पुराव्यासाठी कागदच लागतो असा गैरसमज अजून टिकून आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांतल्या नियम १३ प्रमाणे बांधबंदिस्ती, जुनी विहीर, घराचं जोतं, थडगी, देवाची जागा, गावातल्या वयस्क माणसाचा लेखी जबाब हे सगळं पुरावा म्हणून चालतं. एकापेक्षा जास्त पुरावे जोडा. आणि वैयक्तिक पट्ट्याच्या मागे लागताना सामूहिक वनसंपत्तीचा दावा विसरू नका. खरं सांगायचं तर तुमच्या बाबतीत तोच जास्त मोलाचा आहे. वैयक्तिक पट्टा तुमचं वावर वाचवतो. वरचा माळ, राबाची झाडी, गुरांची वाट, देवाचं रान हे सगळं सामूहिक हक्कात येतं आणि प्रकल्पाला हवा आहे तो नेमका तोच भाग. दाव्यांचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. कोरम कच्चा राहिला तर पुढे वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

महसुली गाव मोठं असेल आणि ग्रामपंचायत रस्त्यालगतच्या वस्तीच्या हातात असेल, तर पेसाच्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, २०१४ च्या नियमांप्रमाणे तुमचा पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतो. इगतपुरी तालुक्याचा काही भागच अनुसूचित क्षेत्रात आहे, तेव्हा आधी तुमचं गाव यादीत आहे का ते तपासा. नाशिकला आदिवासी विकास आयुक्तालय आहे, यादी तिथेही मिळेल. यादीत नसलात तरी वनहक्क कायदा लागू आहेच, पेसाचा आधार मात्र मिळणार नाही.

आता नोटीस आली तर तिच्या मजकुराआधी ती कोणत्या कायद्याखाली काढली आहे ते वाचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली असेल तर सामाजिक परिणाम अभ्यास, अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती आणि आदिवासींसाठी कलम ४१ ची जादा संरक्षणं मिळतात. वीज कायद्याखाली तारांची लाईन टाकायची असेल तर जमीन संपादन होतच नाही, फक्त वापराचा हक्क घेतला जातो. वनजमीन प्रकल्पाकडे वळवायची असेल तर वेगळा रस्ता, तिथे ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न येतो. सरळ रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना, म्हणजे रस्ते, तारा, पाईपलाईन यांना, ग्रामसभेच्या संमतीतून २०१३ मध्ये केंद्राने सूट दिली. पण अतिअसुरक्षित आदिम जमातींच्या हक्कांना धक्का लागत असेल तर ती सूट मिळत नाही. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्यात येतात. तुमच्या शिवारात कातकऱ्यांची वस्ती असेल, आणि इगतपुरी-त्र्यंबक भागात ती असते, तर त्यांचे दावे सर्वांत आधी भरा. बरेचदा गावच त्यांना बाहेरचं समजून यादीतून वगळतं. ते चूक आहे आणि नंतर सगळ्यांनाच महागात पडतं.

जनसुनावणी आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाड्यावर पुन्हा पुन्हा सांगा. पर्यावरण मंजुरीसाठीची जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. तिची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. तिथे कोणीही बोलू शकतं, पण तिथे मतदान होत नाही, संमती मागितली जात नाही. मंडपात बसून सही केलेली हजेरी पुढे 'गावाची संमती' म्हणून दाखवली गेल्याच्या तक्रारी मी एकाहून जास्त गावांत ऐकल्या आहेत. हजेरीच्या प्रत्येक कागदावर वरचा मथळा वाचल्याशिवाय अंगठा लावू नका.

एजंट आले नसतील तर येतील. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि विक्रीसाठी शासनाची मान्यताही. ही अडचण टाळायला साठेखत, कुलमुखत्यारपत्र, नाहीतर दुसऱ्याच तालुक्यातल्या एखाद्या आदिवासीच्या नावाने खरेदी, अशा वाटा काढल्या जातात. वनपट्ट्याची जमीन तर वारसाला मिळते पण विकता येतच नाही, भाड्यानेही परस्पर देता येत नाही. 'पट्टा आमच्या नावे करून द्या, आम्ही बघतो' असं कोणी म्हणालं तर ते शब्द आणि माणसाचं नाव ग्रामसभेच्या वहीत लिहा.

तुम्ही कोळशाशी तुलना केलीत म्हणून त्याविषयीही बोलायला हवं. नाशिकमध्ये कोळसा निघत नाही. एकलहऱ्याच्या ६३० मेगावॉटच्या केंद्रात तो रेल्वेने येतो. त्यामुळे आपल्याकडे धूर दिसतो, खाण दिसत नाही. महाराष्ट्राच्या वीजकेंद्रांसाठी कोळसा मिळावा म्हणून छत्तीसगडमध्ये रायगड जिल्ह्यातल्या तमनार भागात गारे पेलमा सेक्टर २ हा खाणपट्टा आपल्या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीला दिलेला आहे. त्याची झळ १४ गावांना बसते. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२४ मध्ये त्याची पर्यावरण मंजुरी रद्द केली, जनसुनावणीतले दोष हे त्यातलं एक कारण होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंजुरी पुन्हा दिली गेली. आपल्या घरातला दिवा त्या गावांशी असा जोडलेला आहे, आणि कोळसा कमी करायचा तर सौर वीज साठवावी लागेल हेही खरं आहे. मी साठवणुकीच्या विरोधात नाही. पण धूर न काढणाऱ्या प्रकल्पाने गावाला विचारायची गरज संपत नाही.

नॉर्वेतली फोसेनची गोष्ट यासाठीच सांगते. तिथे सामी लोक रेनडिअर पाळतात आणि हिवाळ्यात कळप ठरावीक माळांवर चरतात. त्या माळांवर दीडशे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की यामुळे सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झाला. निकाल लागला तेव्हा पाती फिरत होती आणि त्यानंतरही ती थांबली नाहीत. शेवटी २०२३-२४ मध्ये भरपाईचे करार झाले. जगातल्या अत्यंत श्रीमंत, कायद्याने चालणाऱ्या देशात, सर्वोच्च न्यायालयात जिंकूनही माळ परत मिळाला नाही. उशीर हेच त्याचं कारण.

आणि आपल्याकडच्या हसदेवच्या जंगलातली गोष्टही लपवून ठेवणार नाही, कारण कागद झाला की सगळं झालं असा समज मी तुमच्यात पेरू इच्छित नाही. छत्तीसगडमधल्या घाटबर्रा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला होता. जानेवारी २०१६ मध्ये तो रद्द करण्यात आला. गावकरी त्याच्या आधारे खाणीचं काम अडवतात, असं आदेशात म्हटलं होतं. मान्य झालेला हक्क असा रद्द करण्याची तरतूद वनहक्क कायद्यात नाही. कागद हाती असलेल्या गावाची ही गत, तर कागद नसलेल्या गावाला न्यायालयात उभं राहणं आणखी अवघड. दुसऱ्या बाजूला ओडिशात नियमगिरीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना ठरवू द्या म्हटलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तिथे डोंगर हा देव आहे ही गोष्ट धार्मिक हक्क म्हणून ग्रामसभेपुढे आली. तुमच्या डोंगऱ्या देवाची, वाघदेवाची, कणसरीची जागा नकाशावर खुणा करून सामूहिक दाव्यात घाला असं मी म्हणते ते याचसाठी.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. वनजमीन प्रकल्पाला दिली की तिच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावावी लागतात. ती 'दुसरीकडे'ची जागा कित्येकदा तिसऱ्याच पाड्याचं गायरान किंवा दावा प्रलंबित असलेलं वावर असतं. तिथे चर खणतात, कुंपण घालतात, सागाची रोपं लावतात. प्रकल्प शंभर किलोमीटरवर असतो आणि त्या पाड्याला प्रकल्पाचं नावही माहीत नसतं. म्हणून बदली वनीकरण कुठे होणार, गट क्रमांकासह सांगा, हा प्रश्न तुमच्या यादीत ठेवा आणि उत्तर आलं की त्या गावाला स्वतः जाऊन कळवा.

राहिला विरोधाचा प्रश्न. तो तुमच्या ग्रामसभेने ठरवायचा आहे. मी फक्त इतकं सांगेन की तपशील हातात येईपर्यंत 'हो' किंवा 'नाही' यांपैकी कशाचाही ठराव करू नका. पहिला ठराव माहिती मागण्याचा करा: पूर्ण प्रकल्प अहवाल, दोन्ही तलाव, बोगदे, रस्ते, मुरूम टाकण्याच्या जागा आणि तारांचे मनोरे गावनकाशावर दाखवलेले, पहिल्या भरण्याला किती पाणी लागणार आणि कोणत्या धरणातून, बाष्पीभवनाने जाणारं पाणी दरवर्षी कुठून भरून काढणार, काम किती वर्षं चालणार, स्फोट दिवसाच्या कोणत्या वेळी होणार. दुसरा ठराव करा की सगळ्या वैयक्तिक आणि सामूहिक दाव्यांचा निकाल लागेपर्यंत ग्रामसभा संमतीचा विषय घेणार नाही. हे दोन ठराव झाले की सर्व्हेवाल्यांशी भांडायची गरज उरत नाही. त्यांना ठरावाची प्रत द्यायची आणि पोच घ्यायची.

पुढे कधी ग्रामसभेने अटींवर हो म्हणायचं ठरवलंच, तर नोकरीची अट पहिली घालू नका. बांधकामाच्या काळात मजुरी मिळते. प्रकल्प सुरू झाला की तो मोजक्या तंत्रज्ञांवर चालतो. पहिली अट पाण्याची घाला: बोगद्याचं काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि संपल्यावर किमान पाच वर्षं सगळ्या झऱ्यांची मोजणी ग्रामसभेच्या वहीशी ताडून व्हावी, झरा कमी झाला तर कारण सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असावी आणि तोवर पाड्याला बारमाही नळाचं पाणी मिळावं. दुसरी अट अशी की मोबदला नवरा-बायको दोघांच्या संयुक्त खात्यात यावा. या दोन्ही गोष्टी करारनाम्यात, मराठीत, ग्रामसभेच्या सहीने असाव्यात. बैठकीत तोंडी कबूल झालेली कोणतीही गोष्ट त्याच दिवशी इतिवृत्तात घेऊन वाचून दाखवा आणि आलेल्या अधिकाऱ्याची त्याखाली सही घ्या. सही द्यायला नकार मिळाला तर तेही इतिवृत्तात लिहा.